पुट डाउन

मंगळवारी संध्याकाळी, भांडी विसळून झाली की
मिसेस प्रिदर्ख मला एक क्रियापद देतात,
उरलेली भाजी डब्यात भरून द्यावी तसं.
या आठवड्यात: पुट.

"सोपं आहे, रोडिका. पुट म्हणजे ठेवणं."
मी लिहिलं. खाली रेघ मारली.
आमच्या रुमानियनमध्ये अक्षर दिसतं तसंच बोलतं,
इथं बट आहे, कट आहे, आणि मधेच पुट.
का, तर म्हणाल्या,
ते इंग्रजांना विचार, मी वेल्श आहे.

मग किटली ठेवायला उठल्या. ते पुट ऑन.
कोट चढवणं पुट ऑन,
अंगावर मांस चढणंही. माझं, इथं आल्यापासून, सहा किलो.
दिवा मालवणं पुट आउट,
रात्री मांजराला दाराबाहेर काढणंही तेच.
म्हणजे मांजर विझवायचं?
त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.
तीस वर्षं एका माणसाचं घोरणं सोसणं
पुट अप विथ. हे सांगताना त्यांनी
भिंतीवरच्या मिस्टर प्रिदर्खकडे पाहिलं
आणि चौकट जरा सरळ केली.

ठेवणं कुठं राहिलंच नाही.

पुट डाउनला अर्धं पान लागलं:
फोन खाली ठेवणं.
खोलीसाठी अनामत भरणं.
यादीत नाव लिहिणं,
आणि चारचौघांत नावं ठेवणं.
झोपलेलं बाळ अलगद पाळण्यात ठेवणं.
तळाशी जागा संपली.
"उरलेलं पुढच्या मंगळवारी."

शुक्रवारी, त्रेगारॉनच्या जनावरांच्या दवाखान्यात,
जिथं मी फरशी पुसते आणि लागेल ते जनावर धरते,
एम्रिस हम्फ्रीस आले वरच्या डोंगरावरून,
कोटात गुंडाळलेली कुत्री घेऊन.
नेल. वय पंधरा. मागचे पाय गेलेले.
मी तिला टेबलावर घेतलं.
पोलाद गार. ती थरथरत होती.
टोपी हातात फिरवत,
भिंतीवरच्या जंतांच्या तक्त्याकडे बघत
ते म्हणाले, "पुट हर डाउन."

मला वाटलं, टेबल गार आहे म्हणून.
मी तिला दोन्ही हातांनी उचललं
आणि अलगद, त्या अर्ध्या पानावरच्या बाळासारखं,
खाली फरशीवर ठेवलं.

नेलला वाटलं, झालं, आता घरी.
शेपटी हलली. पुढच्या दोन पायांवर
ती दाराकडे सरकली, वीतभर.

आत औषध भरणाऱ्या डॉक्टरबाईंचा हात थांबला.
त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळलं
पुढच्या मंगळवारचं काय होतं ते.

एम्रिस हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
"मीही शाळेतच शिकलो ते," म्हणाले,
"घरी आम्ही असं बोलत नाही."
मग गुडघे वाजवत फरशीवर बसले
आणि नेलला तिच्या भाषेत म्हणाले, गॉर्वेध.
मेंढ्यांमागं पंधरा वर्षं ऐकलेलं:
आडवी हो. थांब.
ती झाली. हनुवटी त्यांच्या बुटावर.
डॉक्टरबाई टेबल सोडून सुई घेऊन खाली आल्या.
मी कान धरून होते. एक कान कायम दुमडलेला होता तिचा.

मंगळवारी मिसेस प्रिदर्खनी वही मागितली नाही.
गावात सगळं आधीच पोचतं.
त्यांनी किटली ठेवली, मी कप काढले,
आणि घड्याळाचं ऐकत बसलो.

आज एम्रिस आले, अंड्यांचा ट्रे घेऊन.
दार खांद्यानं ढकललं, दोन्ही हात गुंतलेले.
"कुठं?"
मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता,
बरोबर, वहीतला पहिलाच अर्थ.
मी पुढं होऊन ट्रे
त्यांच्या हातातून घेतला.